गोळ्यांची वही: लेकराच्या ब्लड कॅन्सरची औषधं समजून घेताना आणि घरी देताना

ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही द्राक्षबागेवर इथेफॉन हे पानगळीचं औषध मारतो. आठ-पंधरा दिवसांत पानं पिवळी पडतात आणि हात लावला की देठासकट सुटून येतात. मजूर लावून ओरबाडलेल्या पानाची जखम राहते, कधी शेजारचा डोळाही, म्हणजे कोंब फुटायची जागाही, जाते. फवाऱ्याने गळलेलं पान मात्र वेलीनेच सोडलेलं असतं. देठाच्या बुडाशी ती आधी एक थर धरते, मग पान वेगळं होतं. औषध काही तोडत नाही, ते फक्त वेलीला सोडायला सांगतं.

तासगावच्या बाजूला हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण माझी लेक साडेचार वर्षांची असताना तिला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, निघाला, तेव्हा डॉक्टर मॅडम काय बोलतायत ते पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं ते या पानगळीमुळंच. त्या म्हणाल्या, "या औषधांनी पेशी आत्महत्या करतात, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात." मी गप्प बसलेला बघून त्यांनी पुढं सांगितलं की १९७२ साली स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला केर, वायली आणि करी या तिघांनी हे नाव दिलं, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे झाडावरून पानं गळणं. मी म्हटलं, मॅडम, हे आम्ही दरवर्षी करतो.

लेक आता अकरा वर्षांची आहे. तासगाव, मिरज, जतकडचे आईबाप मला विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. एक अट आहे. यातला गोळ्यांचा एकही आकडा उचलून आपल्या पोराला लावायचा नाही. शेजारच्या बागेचं फवारणीचं प्रमाण आपण आपल्या बागेला लावत नाही, इथं तर लेकरू आहे.

आधी वही करा

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मी फवारणीची वही ठेवतो तशीच आखली: तारीख, वजन, कुठलं औषध, किती, किती वाजता, ताप, शौचाला झाली का, आणि शेवटी मोकळा रकाना. पहिल्या पानावर तीन गोष्टी डॉक्टरांकडून विचारून लिहा. आजाराचं पूर्ण नाव, बी पेशींचा की टी पेशींचा (या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती), आणि धोक्याचा गट कोणता. लहान मुलांत बहुतेक वेळा ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे 'ए एल एल' असतो. यातही बी आणि टी यांची वागणूक वेगळी. डावणी आणि भुरी दोन्ही द्राक्षाचे रोगच, पण एकाचं औषध दुसरीला लागू पडेलच असं नाही.

मुलांचा डोस वजन आणि उंचीवरून निघणाऱ्या शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून प्रत्येक खेपेला वजन आणि उंची दोन्ही घेतली का ते बघा. आमच्याकडं एकदा उंची जुनीच उतरवली होती. वही होती म्हणून कळलं.

पहिला महिना: स्टेरॉइड आणि पाणी

पहिले चार-पाच आठवडे म्हणजे इंडक्शन. यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी रोज असते. 'स्टेरॉइड' म्हटलं की आपल्याकडं लोक दचकतात. माझ्या चुलत्यांनी तर "कमी करायला सांग" म्हणून फोन केला. तिथं मला ती पानगळ उपयोगी पडली.

प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची सोय आधीपासून असते. शरीर रोज जुन्या, बिघडलेल्या पेशी अशाच गाळतं. ल्युकेमियाच्या पेशीतही ही सोय असते, पण बीसीएल-२ सारखी प्रथिनं ती दाबून धरतात. स्टेरॉइड पेशीत शिरतं, तिथल्या एका ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि त्याच्यासकट केंद्रकात जाऊन बिम नावाच्या प्रथिनाचं उत्पादन वाढवतं. हे बिम जाऊन बीसीएल-२ चे हात धरतं. राखणदाराचे हात अडकले की मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या इंजिनला, भोकं पडतात, त्यातून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर सांडतं आणि कॅस्पेस नावाच्या कात्र्या चालू होतात. पेशी आतल्या आत कापली जाते, तिच्या छोट्या पुड्या बनतात आणि सफाई करणाऱ्या पेशी त्या खाऊन टाकतात. फुटणं नाही, सूज नाही. म्हणून गोळी कमी करायला सांगणाऱ्या चुलत्यांना आदराने चहा पाजा आणि गोळी चालू ठेवा. मनाने ती एकदम बंद तर कधीच करायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं.

काही उपचारपद्धतींत पहिला आठवडा मुख्यतः प्रेडनिसोलोन देऊन आठव्या दिवशी रक्त तपासतात. ब्लास्ट, म्हणजे आजाराच्या कच्च्या पेशी, एका मायक्रोलिटरमागे हजाराच्या खाली आल्या तर प्रतिसाद चांगला धरतात. त्या दिवसाचा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढच्या कुठल्याही डॉक्टरला तो लागतो.

आता पाणी. पानगळ जोरात झाली की बागेत पानांचा थर साचतो, तसंच आहे हे. लाखो-करोडो पेशी दोन-चार दिवसांत मोडतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात येतं. मूत्रपिंडांवर ताण येतो, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. याला ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून सलाईन जोरात चालू असतं आणि ॲलोप्युरिनॉलची गोळी असते. आपलं काम म्हणजे लघवी मोजणं. सिस्टरनी दिलेल्या मापात प्रत्येक वेळी मोजून लिहायची, कंटाळायचं नाही. लघवी कमी झाली की लगेच सांगायचं, राउंडची वाट बघायची नाही.

आणि शहाळं! भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं आणि केळी घेऊन येतो. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोराच्या तोंडाला लावू नका. आम्ही वॉर्डाच्या दारात बसून शहाळी स्वतः प्यायलो.

स्टेरॉइडची भूक वेगळीच असते. लेक रात्री दोन वाजता उठून भडंग मागायची आणि नाही म्हटलं की माझ्या हाताला चावायची. चेहरा भोपळ्यासारखा होतो, पोरगं चिडकं होतं, कधी साखर वाढते. गोळ्या संपल्यावर हळूहळू उतरतं. मीठ कमी ठेवा, खाणं घरी शिजवलेलं आणि गरम द्या. गोळी कडू असते. आम्ही ती चुरून काकवीच्या चमच्यात द्यायचो. पण हे स्टेरॉइडपुरतं. किमोच्या गोळ्या घरी कुटायच्या नसतात, ते पुढं सांगतो.

सदाफुली, आणि दुसरी इंजेक्शनं

आमच्या दारात तुळशीशेजारी सदाफुली आहे. लेक आजारी पडल्यावर गावातल्या एकाने सांगितलं, "याच फुलाचं औषध करतात, पानांचा काढा द्या." पहिलं वाक्य खरं आहे. विनक्रिस्टीन सदाफुलीपासूनच निघालं आणि १९६३ पासून अमेरिकेत परवान्याने वापरात आहे. पण झाडात ते अगदी लेशमात्र असतं, शिवाय दुसरे कितीतरी विषारी अल्कलॉइड असतात, आणि ते शिरेतूनच द्यायचं औषध आहे. काढा देऊ नका.

पेशी दोन होताना आतमध्ये दोऱ्यांचा मांडव उभा राहतो आणि गुणसूत्रं त्या तारांवरून दोन्हीकडं ओढली जातात. विनक्रिस्टीन तो मांडवच उभा राहू देत नाही. अर्ध्यात अडकलेली पेशी मग स्वतःला संपवते. मज्जातंतूंनाही असेच दोरे लागतात, म्हणून त्रास तिथं होतो: जबडा दुखतो, पोट साफ होत नाही, पायाचा पंजा लोळतो. मी रोज संध्याकाळी लेकीला टाचांवर चालायला लावायचो, खेळ म्हणून. ज्या दिवशी जमेना त्या दिवशी वहीत लिहिलं आणि फोन केला. दोन दिवस शौचाला झाली नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका. बुरशीसाठीची काही औषधं, जशी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल, चालू असतील तर तेही आधी सांगा. त्यांच्यामुळं विनक्रिस्टीन अंगात जास्त साचतं.

एक गोष्ट भीत भीत पण लिहायलाच हवी. विनक्रिस्टीन पाठीच्या कण्यातून गेलं तर जीव जातो. पाठीतलं इंजेक्शन मेथोट्रेक्सेटचं असतं. दोन्ही एकाच दिवशी असतील तर "दोन्ही वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत ना?" एवढं विचारायला लाजू नका. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

ॲस्पॅराजिनेज हे मला सगळ्यात हुशारीचं वाटलेलं औषध. ॲस्पॅराजिन हा प्रथिनाचा एक घटक आहे. आपल्या बहुतेक पेशी तो घरीच बनवतात, ल्युकेमियाच्या पेशींना तो रक्तातून आयता उचलावा लागतो. हे औषध रक्तातला साठाच संपवतं, आणि उपाशी पेशी मरते. याचा धागा सापडला गिनीपिगच्या रक्तातून: १९५३ मध्ये किड नावाच्या अमेरिकी संशोधकाला दिसलं की त्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या लिम्फोमाच्या गाठी विरघळतात. आता ते जिवाणूंपासून बनवतात. इंजेक्शननंतर तासभर तरी दवाखान्यातच थांबा, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तर तिथंच कळतं. घरी आल्यावर पोटात जोराची कळ आणि उलट्या, किंवा न थांबणारी डोकेदुखी, ही दोन कारणं परत निघायला पुरेशी आहेत. स्वादुपिंडाला सूज आणि डोक्यातल्या शिरेत गुठळी, दोन्ही याने होऊ शकतं.

इतकी औषधं एकदम का, हे बागायतदाराला पटकन समजतं. डावणीवर एकच आंतरप्रवाही, म्हणजे वेलीत भिनणारं, औषध वारंवार मारलं की ती दाद देईनाशी होते. म्हणून औषधांचे गट बदलायचे, पानावर वरून बसणारं स्पर्शजन्य जोडायचं. ल्युकेमियाच्या बाबतीत हा धडा फार महाग पडला. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन दिलं आणि त्यातली १० सुधारली, हे १९४८ मध्ये छापून आलं. त्याआधी या आजारावर काहीच चालत नव्हतं. ते औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पण ती सुधारणा टिकली नाही, काही महिन्यांत आजार परतला. एकच फवारा होता ना.

महिन्याने रिपोर्ट चांगला येतो, तिथं चुकू नका

इंडक्शन संपलं, बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासला, 'रेमिशन', म्हणजे आजार दिसत नाही, असं लिहून आलं. आम्ही पेढे वाटले. मॅडमनी कागदावर हिशेब मांडला. आजार कळतो तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसला तरी त्यातल्या हजार कोटी शिल्लक असू शकतात. म्हणून एमआरडी ही बारीक तपासणी करतात, ती दहा हजारांत एक पेशी असली तरी धरते. ती झालीय का आणि आकडा काय आला, हे विचारून वहीत लिहा. पेढे वाटायला हरकत नाही, पण दोन-अडीच वर्षांचं काम पुढं आहे.

घरची किमो: सिक्स-एमपी आणि मेथो

मधले टप्पे दवाखान्यातच जातात, तिथं सिस्टर असतात. खरी परीक्षा मेंटेनन्सची, म्हणजे घरी गोळ्या द्यायच्या लांबच्या टप्प्याची. पोरगं शाळेत जायला लागतं, केस येतात, आजारी दिसत नाही, आणि गोळी द्यायचा कंटाळा सुरू होतो. आमचा झाला, तुमचाही होईल.

सिक्स-मर्कॅप्टोप्युरिन, वॉर्डातल्या भाषेत सिक्स-एमपी, रोज. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं हे औषध १९५३ मध्ये बाजारात आलं. १९८८ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. ही खोटी वीट आहे. पेशी नवा डीएनए बांधते तेव्हा खऱ्या विटेऐवजी ही लावून बसते, दुरुस्ती जमत नाही आणि शेवटी ती स्वतःला गाळते. आता कळीचा मुद्दा बघा. वीट लागते ती बांधकाम चालू असतानाच. झोपलेल्या पेशीला औषधाचं काही वाटत नाही. ती उद्या जागी होईल, कदाचित तीन महिन्यांनी. ती जागी होईल त्या दिवशी औषध अंगात असायला हवं. म्हणून रोज. अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या त्यांच्यात आजार परतण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. २८ पैकी २ गोळ्या चुकल्या की आपण ९३ टक्क्यांवर येतो, एवढंच त्यातलं गणित.

आमची वेळ रात्री नऊची होती. रोज तीच. पूर्वी "दुधासोबत देऊ नका, रिकाम्या पोटी द्या" असं कडक सांगत, कारण दुधातलं एक विकर हे औषध मोडतं. आता बरेच डॉक्टर म्हणतात, रोज एकाच वेळी न चुकता देणं जास्त महत्त्वाचं. तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा आणि त्यात बदल करू नका. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून द्यायची नाही. उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली ते लिहून फोन करायचा.

गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि लहान मुलाचा डोस अधलामधला निघतो. अशा वेळी डॉक्टर आठवड्याची बेरीज जुळवतात. आमची बेरीज २७५ होती: चार दिवस अख्खी, तीन दिवस अर्धी. कुठल्या दिवशी काय हे डोक्यात ठेवायला गेलात तर चुकणारच. सात खणांची डबी आणा आणि रविवारी भरा. अर्धी करायला मेडिकलमध्ये गोळी कापायचं यंत्र मिळतं, ते फक्त याच कामाला. खलबत्त्यात कुटायची नाही, मिक्सरमध्ये तर मुळीच नाही. भुकटी उडते आणि घरातले सगळे ती खातात. हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना आणि पोराच्या उलटी-लघवीच्या कपड्यांना हात लावू नये. आम्ही माझ्या बायकोच्या बहिणीला बाळंतपणासाठी आणायचं ठरवलं होतं, ते रद्द करून तिच्या सासरी कळवलं. थोडं वाईट वाटलं त्यांना.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे वाक्य मी आमच्या भिंतीवर लिहिलं, पण चूक झाल्यानंतर. आमचा वार बुधवार. गोळी छोटी, पिवळी, अडीच मिलिग्रॅमची, एका वेळी पाच-सहा द्यायच्या. एका गुरुवारी आम्ही नवरा-बायको बागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, आणि माझ्या आईने मायेपोटी "कालच्यासारख्या" परत दिल्या. संध्याकाळी वही उघडली तेव्हा हात गार पडले. रात्रीच निघालो. दवाखान्यात ल्युकोव्होरिन हा मेथोवरचा उतारा दिला, दोन दिवस ठेवून घेतलं, काही झालं नाही. हीच गोळी आठवडाभर रोज गेली असती तर मॅरो बसला असता. तेव्हापासून मेथो लाल डब्यात, कुलपात, किल्ली माझ्याकडं. आईला मी काही बोललो नाही. चूक तिची नव्हती, दोन औषधं एका ताटलीत ठेवणाऱ्याची होती.

फॉलिक ॲसिड असलेली टॉनिकं परस्पर देऊ नका. मेथो फॉलिकचंच काम अडवतं, आपण दुसऱ्या दारातून तेच आत सोडायचं का? आणि इंडक्शनमधलं ॲलोप्युरिनॉल आठवतंय? ते सिक्स-एमपी मोडू देत नाही, त्यामुळं त्याचा जोर काही पटींनी वाढतो. जुन्या चिठ्ठीवरून मेडिकलवाल्याने परत दिलं तर घेऊ नका.

काउंट वाचायला शिका

रिपोर्टमध्ये एएनसी बघायचा, म्हणजे न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती. मेंटेनन्समध्ये साधारण ५०० ते १५०० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न असतो. एकदा आमचा ४,२०० आला. मी खूश. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "गोळ्या नीट चालू आहेत ना?" काउंट फार चांगला म्हणजे औषध कमी पडतंय किंवा पोटात जात नाहीये. आमच्या बाबतीत दुसरं निघालं. पलंगाच्या मागच्या कोनाड्यात नऊ अर्ध्या गोळ्या सापडल्या. त्या दिवसापासून गोळी गिळल्यावर 'आ' करून दाखवायचा नियम आला.

उलट काउंट सारखा पार तळाला जात असेल तर एनयूडीटी-१५ आणि टीपीएमटी या जनुकांची तपासणी विचारा. पहिल्याचा बदललेला प्रकार आशियातल्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, आणि अशा मुलांना सिक्स-एमपीचा डोस खूप कमी लागतो. पोराचा किंवा तुमचा दोष नसतो.

ताप १००.४ आला की निघायचं. घाम येतोय का, पॅरासिटामॉलने उतरतोय का, सकाळी बघू, यातलं काही नाही. काउंट कमी असताना तासाच्या हिशेबाने बिघडतं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात ॲन्टिबायोटिक सुरू व्हावं लागतं. थर्मामीटर दोन ठेवा, पिशवी भरलेली ठेवा, गाडीत पेट्रोल ठेवा. पिशवीत वहीची झेरॉक्स, कारण तालुक्याच्या डॉक्टरला रात्री तीन वाजता तुमच्या तोंडून औषधांची नावं नीट येणार नाहीत.

नव्या औषधांच्या चिठ्ठ्या फोनवर येतात. व्हेनेटोक्लॅक्स हे त्यातलं एक. बिम जे काम करतं, बीसीएल-२ चे हात धरायचं, तेच हे औषध थेट करतं. अमेरिकेत २०१६ मध्ये ते मोठ्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियासाठी मंजूर झालं. परतलेल्या आजाराच्या मुलांत त्याचे अभ्यास झालेत. नाव ऐकून ठेवा, विचारा, पण चालू असलेलं सोडून त्याच्या मागं लागू नका.

शेवटचा डोस झाल्यावर डबीत चार-पाच गोळ्या उरतात. त्या शेणखताच्या खड्ड्यात, ओढ्यात किंवा चुलीत टाकायच्या नाहीत. पाकिटासकट दवाखान्याच्या औषध विभागात परत द्यायच्या. सेप्ट्रान, म्हणजे जंतुसंसर्ग टाळायची गोळी, लगेच थांबवायची नाही, ती पुढं काही महिने असते. राहिलेल्या लसी कधी घ्यायच्या ते विचारून वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाका.